पाळण्यात न दिसणारे पाय

बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजा तालुक्यात बीजोत्पादन करणाऱ्या एखाद्या गावात हंगामात गेलं, की शेडनेटखाली मिरचीच्या किंवा टोमॅटोच्या ओळींत वाकलेल्या बायका दिसतात. प्रत्येकीच्या हातात बारीक चिमटा. उद्या उमलणारी कळी आज हेरायची, तिच्यातले पुंकेसर अलगद उपटून टाकायचे आणि मग नर ओळीवरून आणलेला पराग बोटाच्या टोकानं तिला लावायचा. नराची झाडं वेगळी, मादीची वेगळी. बी हाती आलं तरी लगेच सगळा हिशेब होत नाही. कंपनी त्यातला नमुना पुन्हा जमिनीत लावते, उगवलेली झाडं तपासते, आणि ‘जीओटी पास’ झाल्याचा निरोप आला की शेतकरी सुटकेचा श्वास टाकतो. मुळात ती नर ओळ कंपनीनं निवडली तीसुद्धा वेगवेगळ्या माद्यांशी संकर करून, त्यांची पिकं शेजारी शेजारी वाढवून, तोलून मापून. नर कसा दिसतो याला तिथे फारशी किंमत नसते. त्याच्यापासून काय उगवतं, त्यावर त्याचा भाव ठरतो.

मिरचीच्या बाबतीत हे उत्तर एका हंगामात मिळतं. घोड्याच्या बाबतीत पाच वर्षं लागतात. या पाच वर्षांत पैदाशीच्या घोड्याबद्दल जे जे बोललं जातं ते सगळं अंदाजाच्या सदरात मोडतं, आणि याच काळात त्याच्याकडे सर्वांत जास्त घोड्या पाठवल्या जातात. थोड्या पैशात शर्यतीचं जनावर तयार करू पाहणाऱ्याचा खरा पेच इथे आहे. सिद्ध झालेला बाप त्याला परवडत नाही आणि परवडणारा बाप सिद्ध झालेला नसतो.

बुलढाणा जिल्ह्यात रेसकोर्स नाही. घोडा दिसतो तो बहुधा लग्नाच्या वरातीत, नाहीतर मेंढपाळांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहणारं तट्टू म्हणून. पण वेगाचा नाद या मातीला नवा नाही. सिंदखेड राजा हे लखुजी जाधवरावांचं ठाणं आणि जिजाऊंचं जन्मगाव. त्या काळातलं दख्खनचं राजकारण घोडदळाच्या टापांवर चाललं. भीमेच्या खोऱ्यातल्या ज्या काटक घोड्यांना ‘भीमथडी’ म्हणत, ती जात अलीकडेच राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र म्हणून नोंदली गेली. मात्र देशभरात घोडा झपाट्यानं कमी होतो आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून सुमारे ३ लाख ४० हजार भरली, म्हणजे २०१२ च्या तुलनेत जवळजवळ ४६ टक्के घट. वऱ्हाडात वेगाची हौस उरली ती बैलाच्या पाठीवर, शंकरपटात म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत. त्यामुळे पैदाशीच्या नराची पारख हा विषय इथे पुण्याच्या स्टड फार्मपासून सुरू होऊन खळ्याशेजारच्या गोठ्यापर्यंत येतो. प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

आधी वेळेचं गणित. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यात कृत्रिम रेतनाला जगभर मनाई आहे. घोडी प्रत्यक्ष घोड्याकडे न्यावी लागते, आणि गाभण राहिली की अकरा महिने थांबावं लागतं. समजा, एखादा घोडा २०२५ च्या वसंतात पहिल्यांदा पैदाशीला उभा राहिला. त्याची पहिली शिंगरं २०२६ मध्ये जमिनीवर येतात. आपल्याकडच्या शर्यतीच्या नोंदीत सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात, म्हणून ती २०२८ मध्ये दोन वर्षांची होतात आणि त्यातली लवकर तयार होणारी वर्षाच्या उत्तरार्धात धावू लागतात. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते, म्हणजे या पहिल्या पिढीची डर्बी २०३० च्या फेब्रुवारीत. तोवर बापाचे पैदाशीचे पाच हंगाम होऊन गेलेले असतात. त्याच्याकडे घोडी पाठवणाऱ्या पाच तुकड्यांपैकी पहिल्या चार तरी डोळे झाकून आलेल्या असतात.

एक घोडी वर्षाला एकच शिंगरू देते. ज्याच्या दारात एक-दोनच घोड्या आहेत त्याला चुका सुधारण्याइतकी संधी आयुष्यात फारशी मिळत नाही.

तरीही स्वस्तातला, न पारखलेला घोडा निवडणारे सगळे फसले असं इतिहास सांगत नाही. अमेरिकेत मिस्टर प्रॉस्पेक्टर हा घोडा १९७५ मध्ये फ्लोरिडात घोडी भरवण्याच्या ७,५०० डॉलर फीवर पैदाशीला उभा राहिला. केंटकीच्या मातब्बर फार्मांच्या मानानं ती जागा आडबाजूची होती. पुढे त्याचं नाव जगभरातल्या वंशावळींत पसरलं. नॉर्दर्न डान्सर तर १९६२ मध्ये एक वर्षाचा असताना २५,००० डॉलरला विक्रीला ठेवला होता आणि त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. बुटका म्हणून लोकांनी नाक मुरडलं. दोन वर्षांनी त्यानं केंटकी डर्बी दोन मिनिटांत जिंकली, आणि विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रभावी बापांत त्याची गणना झाली. संडे सायलेन्सनं १९८९ ची केंटकी डर्बी जिंकूनही अमेरिकी पैदासदारांनी त्याच्यात पैसा घालायला हात आखडता घेतला. जपानच्या योशिदा घराण्यानं तो नेला, आणि १९९५ पासून सलग तेरा वर्षं तो जपानचा अव्वल बाप राहिला.

अलीकडचं उदाहरण इंटू मिस्चीफचं. सुरुवातीच्या वर्षांत त्याची फी ७,५०० डॉलरपर्यंत खाली आली होती, तरी घोड्या मिळेनात. तेव्हा स्पेंडथ्रिफ्ट फार्मनं छोट्या पैदासदारांपुढे एक तोड ठेवली. सुरुवातीची दोन वर्षं फी भरून घोडी पाठवा, मग घोडा उभा आहे तोवर दरवर्षी एक घोडी भरवण्याचा हक्क तुमचा. ज्यांनी हा सौदा पत्करला त्यांच्या हाती पुढे सोनं लागलं. २०१९ पासून तो उत्तर अमेरिकेतला पहिल्या क्रमांकाचा बाप झाला आणि त्याची फी अडीच लाख डॉलरवर गेली. जोखीम छोट्या माणसानं घ्यायची असेल, तर यशात त्याचा वाटा आधीच लिहून द्यायचा, ही कल्पना आपल्याकडच्या घोडेवाल्यांनी आणि वळू राखणाऱ्यांनीही उचलावी इतकी चांगली आहे.

भारतातली सर्वांत बोलकी कथा रझीनची. तो नॉर्दर्न डान्सरचाच मुलगा. १९९० च्या एप्सम डर्बीत लोकांची पहिली पसंती त्याला होती. धावला तेव्हा तो पार मागे पडला. इंग्लंडच्या दृष्टीनं गोष्ट तिथे संपली. पुढे तो भारतात उषा स्टडवर आला आणि वर्षानुवर्षं इथला अग्रगण्य बाप राहिला. भारतीय पैदाशीचा बराचसा इतिहास असाच घडला आहे. युरोप-अमेरिकेत जो घोडा पहिल्या रांगेत बसला नाही, पण ज्याचं रक्त पहिल्या रांगेचं आहे, तो आपल्या ऐपतीत येतो. मूळ जागी त्याला जी संधी मिळाली नसती ती त्याला इथे मिळते.

अशा कथा ऐकून माणूस भारावतो, आणि नेमकं तिथेच सांभाळायला हवं. त्याच वर्षी, त्याच फीवर उभे राहिलेले आणि पुढे नाव न झालेले घोडे कथांमध्ये येत नाहीत. त्यांची संख्या कितीतरी पट जास्त असते. शर्यतीत अजिंक्य ठरलेला घोडा तरी खात्रीचा, असं म्हणावं तर तेही टिकत नाही. १९९४-९६ मध्ये सलग सोळा शर्यती जिंकलेल्या सिगारला पैदाशीला उभं केलं तेव्हा चौतीस घोड्यांपैकी एकही गाभण राहिली नाही. सेक्रेटेरियटनं १९७३ ची बेलमाँट शर्यत एकतीस लांबींनी जिंकली, आजही ती फिल्म बघताना अंगावर काटा येतो. बाप म्हणून त्यानं चांगले घोडे दिले, पण स्वतःसारखा दिला नाही. त्याचं खरं देणं मुलींमधून आलं. स्टॉर्म कॅट, ए. पी. इंडी, गॉन वेस्ट हे तिन्ही नावाजलेले बाप त्याच्या मुलींच्या पोटचे. त्याची मुलं धावायला लागताच ज्यांनी त्याच्याबद्दल निकाल दिला, त्यांना एक पिढी थांबायला हवं होतं.

मग पहिली शिंगरं धावण्याआधी बघायचं तरी काय? जाणकार तीन गोष्टी बघतात. घोडा स्वतः कसा धावला, त्याचं घराणं काय, आणि त्याची ठेवण कशी आहे. तिन्ही गोष्टींना अर्थ आहे, पण तिन्हींचं वजन सारखं नाही.

धावण्याच्या नोंदीत जिंकलेल्या शर्यतींच्या आकड्यापेक्षा कुणाशी धावला, किती वर्षं धड राहिला आणि थांबला का, हे अधिक सांगून जातं. डान्झिग फक्त तीन शर्यती धावला. तिन्ही जिंकल्या आणि गुडघ्यानं घात केला. तो पुढे अमेरिकेचा अव्वल बाप झाला. फेअरी किंग एकदाच धावला आणि दुखापतीनं संपला. त्याचा सख्खा भाऊ सॅडलर्स वेल्स युरोपातला थोर बाप होता, म्हणून त्याला पैदाशीत संधी मिळाली. १९९६ मध्ये तो फ्रान्समध्ये पहिल्या क्रमांकाचा बाप ठरला. छोट्या पैदासदारासाठी असे ‘राहून गेलेले’ घोडे महत्त्वाचे, कारण त्यांची फी कमी असते. पण इथे एक प्रश्न निक्षून विचारावा लागतो. दुखापत अपघाती होती की पायाच्या रचनेतच कच्चेपणा होता? भिंतीला धडकून मोडलेला पाय वंशात उतरत नाही. वाकडा गुडघा, घोट्याखाली फार सरळ उभा किंवा फार लोळलेला पाय, लहान आणि ठिसूळ खूर, या गोष्टी शिंगरात पुन्हा दिसण्याची शक्यता असते. घोड्यात असा एखादा दोष असेलच, तर निदान आपल्या घोडीत तोच नसावा. दोघांचे गुडघे सारखेच वाकडे असताना ‘रक्त चांगलं आहे’ म्हणून पुढे जाणं म्हणजे शिंगराच्या नशिबी लंगडणं आधीच लिहून ठेवणं.

आपल्याकडे याबरोबर चौथी गोष्ट चालते, ती म्हणजे खुणा. दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात किंवा नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारात उभं राहिलं, की हे जवळून बघायला मिळतं. गिऱ्हाईक आधी घोड्याचा ओठ वर करून दात बघतो. मग मान, कपाळ, छाती यांवरचे केसांचे भोवरे बोटानं चाचपतो. गळ्यावरचा देवमण असला की चेहरा खुलतो, चुकीच्या जागी भोवरा निघाला की सौदा हजारोंनी घसरतो. पंचकल्याणी, नुकरा, कुमैत, अबलख हे शब्द कानावर पडत राहतात. रवाल चालीचा घोडा मोकळ्या पट्ट्यात काढला की गर्दी दुभंगते, आणि पाठीवरच्या स्वाराचा फेटाही हलत नाही इतकी ती चाल सफाईदार असते. त्या बाजाराला स्वतःचं सौंदर्य आहे आणि जनावराच्या डोळ्यांत, कातडीत, चालीत तिथले जुने लोक जे वाचतात ते पुस्तकात सापडत नाही. पण भोवऱ्याचा वेगाशी संबंध नाही. एखाद्या घोड्याला कोटीची मागणी आली होती ही बातमीही त्याच्या पैदाशीबद्दल काही सांगत नाही, कारण मागितलेली किंमत, सांगितलेली किंमत आणि मोजलेली किंमत या तीन वेगळ्या गोष्टी असतात. पैदाशीसाठी घोडा बघणाऱ्यानं त्याच बाजारात एक वेगळा प्रश्न विचारावा. याची शिंगरं कुठे आहेत? दोन-चार प्रत्यक्ष बघायला मिळाली, तीही वेगवेगळ्या घोड्यांची, तर दहा भोवऱ्यांपेक्षा जास्त कळतं.

आता पहिली शिंगरं धावू लागली असं धरू. इथे सर्वांत मोठी चूक होते, आणि ती चूक अनुभवी माणसंही करतात.

मराठीत शितावरून भाताची परीक्षा करतात. एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेल्या भातात ते चालतं. घोड्याची शिंगरं वेगवेगळ्या आयांच्या पोटी, वेगवेगळ्या चाऱ्यावर, वेगवेगळ्या ट्रेनरच्या हाताखाली वाढतात. एका शितावरून इथे काहीच सांगता येत नाही. समजा, एखादा असामान्य बाप आहे, ज्याच्या शंभर शिंगरांपैकी दहा मोठ्या दर्जाच्या शर्यती जिंकतात. जगात असे बाप हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. त्याला पहिल्या पिढीत वीस शिंगरं मिळाली, तर त्यातलं एकही मोठी शर्यत जिंकणार नाही, याची शक्यता शंभरात बारा भरते. शंभरात पाच देणारा चांगला बाप घेतला तर वीस शिंगरांत कोरडा राहण्याची शक्यता छत्तीस टक्के. उलट शंभरात तीन देणाऱ्या सर्वसाधारण घोड्यालाही वीसांत किमान एक नावाजलेलं शिंगरू लागण्याची शक्यता सेहेचाळीस टक्के आहे. म्हणजे पहिल्या पिढीत एक चमकदार घोडा निघाला म्हणून बापाला डोक्यावर घेणं आणि एकही निघाला नाही म्हणून त्याला मोडीत काढणं, दोन्ही जवळजवळ नाणेफेकीसारखं. तरी बाजार नेमकं हेच करतो. फी पहिल्या वर्षी नवलाईनं चढी असते, तिसऱ्या-चौथ्या वर्षी उतरते, आणि पहिल्या निकालांबरोबर एकदम वर उसळते किंवा कोसळते.

या चढउतारातच थोड्या पैशांच्या पैदासदाराला जागा सापडते. तिसऱ्या हंगामातला घोडा अनेकदा स्वस्त असतो, कारण नवलाई ओसरलेली असते आणि निकाल आलेले नसतात. ज्याला शिंगरू विकायचं आहे त्याला धोका मोठा. त्याचं शिंगरू वर्षाचं होऊन विक्रीला येईल तेव्हा बापाची पहिली पिढी तीन वर्षांची झालेली असेल आणि निकाल उघड असेल. ज्याला शिंगरू स्वतः पळवायचं आहे त्याचं त्या निकालानं फारसं बिघडत नाही. स्वतःसाठी पैदास करणाऱ्यानं विक्रीसाठी पैदास करणाऱ्याची नक्कल करू नये. नव्या घोड्यांभोवतीचा गाजावाजा विक्रीच्या बाजारासाठी असतो.

आकडे वाचतानाही आधी खालचा आकडा विचारावा. ‘याची सहा शिंगरं जिंकली’ हे वाक्य अर्धवट आहे. किती जन्मली? किती धावण्यापर्यंत पोहोचली? चाळीस जन्मून दहा धावली आणि सहा जिंकली, तर तीस जनावरांचं काय झालं हे शोधायला हवं. बारा जन्मली, नऊ धावली, चार जिंकली, तर आकडा लहान असूनही हा बाप मजबूत पायांची शिंगरं देतो असं मानायला जागा आहे. भारतीय थरोब्रेडच्या जन्माच्या आणि वंशाच्या नोंदी पुण्याला रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या स्टड बुक विभागाकडे ठेवल्या जातात आणि शर्यतींचे निकाल उघड असतात. कष्ट घेणाऱ्याला हे हिशेब जमतात.

त्यानंतरचा प्रश्न आईचा. खाण तशी माती, ही म्हण घोड्यांच्या धंद्यात रोज खरी ठरते. नव्या घोड्याला त्याच्या मालकानं स्वतःच्या उत्तम घोड्या दिल्या असतील, तर शिंगरांचं यश निम्म्याहून अधिक त्या घोड्यांचंही असू शकतं. उलट, साध्या घोड्यांपासून ज्यानं बऱ्यापैकी धावणारी शिंगरं दिली तो घोडा कागदावर लहान दिसतो, पण त्याचं कर्तृत्व मोठं असतं. म्हणून शिंगरांची तुलना त्याच आयांच्या दुसऱ्या घोड्यांपासून झालेल्या शिंगरांशी करावी. आईला आपल्याच मागच्या मुलांपेक्षा बरं मूल ज्यानं दिलं, तो बाप खरा. परदेशात यासाठी रीतसर निर्देशांक काढतात. आपल्याकडे वहीत दोन रकाने आखले तरी भागतं.

‘जुळणी’ हा याच प्रश्नाचा आणखी एक धागा. गॅलिलिओ हा बाप आणि डेनहिलच्या मुली, या जुळणीतून फ्रँकेलसारखा अजिंक्य घोडा निघाला आणि सगळे त्या सूत्रामागे लागले. सूत्रात तथ्य असेल. पण त्या काळात युरोपातल्या कितीतरी उत्कृष्ट घोड्या डेनहिलच्याच मुली होत्या, आणि त्या गॅलिलिओकडेच गेल्या. चांगल्याची चांगल्याशी गाठ पडून चांगलं निघालं, यात सूत्राचा वाटा किती आणि चांगुलपणाचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. देऊळगाव राजाच्या शेडनेटमागच्या पैदासशास्त्रात हा भेद जुना आहे. काही नर कुठल्याही मादीशी बरे उतरतात, काही एखाद्याच मादीशी अफलातून. ज्याच्याकडे एकच घोडी आहे त्यानं पहिल्या प्रकारचा नर शोधावा.

आता बैलाकडे. शंकरपटाची पैदास हा या प्रश्नाचा वऱ्हाडी अवतार आणि काही बाबतींत तो घोड्यापेक्षा कठीण आहे. पटावर नाव काढलेला बैल खच्ची केलेला असेल, तर तो बाप होऊच शकत नाही. मग त्याच्या बापाकडे, भावाकडे, आईच्या पुढच्या गोऱ्ह्याकडे बघावं लागतं. म्हणजे न पारखलेल्या वळूशिवाय पर्याय नाही. भरीला शर्यत जोडीची. जोडी कमी सेकंदांत पल्ला मारते तेव्हा श्रेय डाव्याचं की उजव्याचं? धुरकऱ्याच्या हाताचा वाटा किती? गावात हे वाद मध्यरात्रीपर्यंत रंगतात आणि त्यातलं बरंचसं निरीक्षण अस्सल असतं. एकच गोऱ्हा तीन-चार वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर पळवून वेळ लिहून ठेवली, तर त्या वादाचा निकाल बऱ्याच अंशी लागतो. विदर्भातल्या पटात जोडी घड्याळाशी धावते, ही मोठी सोय आहे. घोड्यांच्या शर्यतीत वेळ डावपेचांवर अवलंबून राहते. इथे सेकंद आणि त्याचे शंभरावे भाग सरळ जनावराचं बळ सांगतात.

पण मधे एक मोठी पोकळी पडली. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती थांबल्या. १६ डिसेंबर २०२१ ला त्यांना अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. साडेसात वर्षं पट भरले नाहीत. २०१४ मध्ये जन्मलेला गोऱ्हा परवानगी मिळेपर्यंत सात वर्षांचा झाला, म्हणजे त्याची ऐन उमेद सरत आलेली. या काळात जे वळू वापरले गेले त्यांची मुलं पटावर कधी तपासलीच गेली नाहीत. जनावरांना होणाऱ्या क्रौर्याचा प्रश्न खरा होता आणि चाबूक, टोचणीवर आलेली बंदी योग्यच आहे. मात्र पारख करणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं, की आजच्या अनेक ‘नामी घराण्यां’ची कीर्ती बंदीआधीच्या आठवणींवर उभी आहे, आणि आठवण हरलेल्या जनावरांना लवकर विसरते. म्हणून आत्ताची वर्षं मोलाची आहेत. प्रत्येक पटाची वेळ, जोडी, वय, बाप आणि आई एवढं आयोजकांनी एका नोंदवहीत लिहिलं आणि ती वही फाडून टाकली नाही, तर दहा वर्षांत वऱ्हाडाकडे जगात कुठेही नसलेली माहिती जमा होईल.

नवं तंत्रज्ञान हा प्रश्न सोडवेल का? ५ ऑक्टोबर २०२४ ला, बुलढाण्याच्या शेजारीच वाशीमला, देशी गाईंसाठी ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठी ‘महिष चिप’ यांचं लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते झालं. रक्ताच्या नमुन्यावरून जनावराची आनुवंशिक कुवत लहानपणीच आजमावण्याचं हे साधन आहे. दुधाच्या बाबतीत परदेशात अशा चाचण्यांनी कायापालट केला, कारण तिथे लाखो गाईंच्या दुधाच्या नोंदी चाचणीच्या पाठीशी होत्या. वेगाच्या नोंदी नसतील तर चिप वेगाबद्दल मुकी राहते. घोड्यात २०१० मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी मायोस्टॅटिन नावाच्या जनुकाचा संबंध शर्यतीच्या अंतराशी जोडला. या जनुकाच्या एका रूपाचे घोडे कमी अंतरावर चपळ, दुसऱ्याचे लांब पल्ल्याचे. घोडी कुठल्या अंतराची आहे हे ओळखून घोडा निवडायला त्याचा उपयोग होतो. घोडा मोठा होणार की नाही, ते त्यातून कळत नाही.

हातात मर्यादित पैसा असलेल्या माणसासाठी खर्चाचा हिशेब वेगळाच आहे. फी हा त्यातला दिसणारा आणि बहुतेकदा लहान भाग. घोडी अकरा महिने पोसायची, शिंगरू दोन-अडीच वर्षं वाढवायचं, कडबा, कुटार, हरभरा, नाल, औषधपाणी, आणि पाऊस दगा देईल त्या वर्षी दुपटीनं चढलेला चारा. लंगडं शिंगरूही तेवढंच खातं. म्हणून फीमध्ये चार पैसे वाचवण्यापेक्षा अट घालून घेण्यात शहाणपण आहे. शिंगरू जिवंत जन्मलं आणि उभं राहिलं तरच पूर्ण पैसे, ही अट जगभर रूढ आहे आणि गावच्या व्यवहारातही ती मागायला संकोच नसावा. नव्या घोड्याच्या वीर्याची तपासणी झाली आहे का, मागच्या हंगामात किती घोड्या आल्या आणि किती गाभण राहिल्या, हे सिगारची कथा ऐकलेला माणूस विचारणारच. ग्लँडर्सची तपासणी तर सोडूच नये. तो रोग घोड्यातून माणसाला होतो आणि लागण झालेलं जनावर कायद्यानं मारावं लागतं. अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. सल्ल्यासाठी पुण्या-मुंबईकडेच बघायला हवं असं नाही.

आणि जे शिंगरू धावणार नाही त्याचं काय, हाही पारखीचाच भाग धरायला हवा. पुण्यात पूनावाला घराण्याचा स्टड फार्म १९४६ पासूनचा. तिथले निवृत्त घोडे रक्तापासून प्रतिद्रव्य बनवण्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. त्यातूनच घोड्यांच्या रक्तापासून धनुर्वातावरचं औषध आपणच का बनवू नये हा विचार पुढे आला आणि १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. प्रत्येक घोड्याच्या वाट्याला असा उपयोग येत नाही. सिंदखेड राजा किंवा मेहकरकडच्या शेतकऱ्याच्या दारातलं न धावणारं शिंगरू वरातीला शांत उभं राहील का, पोराला पाठीवर बसू देईल का, हे त्याच्या स्वभावावर ठरतं, आणि स्वभावही बापाकडून येतो. चावरा, लाथाळ, माणसाला जवळ न येऊ देणारा घोडा कितीही वेगवान असला तरी थोडक्या जागेत, बायका-मुलांच्या वावरात जनावर पाळणाऱ्यानं तो टाळावा. घोडा बघायला गेल्यावर आधी त्याला चारा घालणाऱ्या माणसाशी बोलावं आणि तो माणूस घोड्याच्या मागून जाताना हात त्याच्या पुठ्ठ्यावर ठेवतो की लांबून वळसा घालतो, ते बघावं.

फाल्गुनात, होळीच्या सुमारास घोडी माजावर आली आणि भरवली, तर शिंगरू पुढच्या माघात येतं. रात्रीच येतं बहुधा, आणि तास-दीड तासात चार काटकुळ्या पायांवर उभं राहायची धडपड करतं. दोनदा पडतं, तिसऱ्यांदा उभं राहतं. सकाळी वहीत बापाचं नाव, आईचं नाव, तिथी आणि पायांचा रंग एवढंच लिहिता येतं. त्यापुढचे रकाने पाच वर्षं कोरे ठेवावे लागतात.